कोजागिरीच्या संध्याकाळी सोलापूरच्या डोक्यावर: गॅमा किरण स्फोटांची ओळख कशी करून घ्यावी

९ ऑक्टोबर २०२२. रविवार होता आणि कोजागिरीही. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, पूर्वेला पूर्ण चंद्र नुकताच वर आला होता, आणि आमच्या वाड्यातली मंडळी दुधाचं पातेलं गच्चीवर न्यायच्या गडबडीत होती. घड्याळात ६ वाजून ४७ मिनिटं झाली तेव्हा माणसाने आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर पोहोचला. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही जोरदार, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. आधी एक छोटा ठोका आला, मग जवळजवळ तीन मिनिटं शांतता, आणि त्यानंतर मुख्य लोट. अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीची उपकरणं त्या माऱ्याने अक्षरशः भरून गेली. वरच्या वातावरणातला आयनांचा थर ढवळला गेला. भारतातल्या विजा टिपणाऱ्या यंत्रांनाही त्याची चाहूल लागली.

आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. पुढे बातमी वाचली, आकडे घेतले आणि कागदावर मांडून पाहिलं: त्या क्षणी तो स्फोट सोलापूरच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर होता. खमध्यापासून जेमतेम पाच अंश बाजूला. ज्या आकाशाखाली आम्ही दूध आटवत होतो, तिथूनच ते किरण सरळ खाली येत होते.

तेव्हापासून स्फोटाची कुठलीही बातमी आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तेव्हा तो आपल्या डोक्यावर होता का? नवख्या माणसाला या विषयात शिरायला याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही. पुढे जे सांगतोय ते कागद, पेन्सिल, मोबाईल आणि गच्ची एवढ्यावर जमतं. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

आधी काय फुटतं ते समजून घ्या

सूर्याच्या आठपटीहून जास्त वजनाचा तारा आपलं इंधन भराभर संपवतो. हायड्रोजनचं हीलियम, हीलियमचा कार्बन असं करत करत गाभ्यात लोखंड साचतं. लोखंडापुढे जोडणीतून ऊर्जा मिळत नाही. ज्या उष्णतेच्या जोरावर तारा स्वतःचं वजन पेलत होता तो जोरच संपतो, आणि गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. बाहेरचे थर उधळले जातात, तो सुपरनोव्हा किंवा अतिनवतारा. आत उरतो न्यूट्रॉन तारा: सूर्याच्या दीडपट वजन, आणि रुंदी वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे सोलापूर शहर आणि आजूबाजूची चार गावं. गाभा फारच जड असेल तर तिथेही थांबत नाही, कृष्णविवर होतं.

यातल्या फार थोड्या ताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तारा वेगाने फिरत असतो आणि त्याने बाहेरचं हायड्रोजनचं पांघरूण आधीच टाकून दिलेलं असतं. आत जन्मलेल्या कृष्णविवराभोवती पडणाऱ्या द्रव्याची चकती तयार होते, आणि ध्रुवांच्या दिशेने दोन झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ताऱ्याला भोक पाडून बाहेर पडतात. झोत आपल्या रोखाने असेल तर आपल्याला दिसतो तो गॅमा किरण स्फोट. काही सेकंदांत तो जेवढी ऊर्जा फेकतो तेवढी सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात, सुमारे हजार कोटी वर्षांत, देतो.

दुसरा मार्गही आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या अशाच टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, आल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा छोटा स्फोट आला. सोनं, प्लॅटिनम असली जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात हे तेव्हा पक्कं झालं. सराफ कट्ट्यावर उभं राहिलं की मला ते आठवतं.

गॅमा किरण वातावरणात शोषले जातात, जमिनीवर येत नाहीत. म्हणून त्यांचा शोधही उशिरा, आणि वेगळ्याच कामासाठी पाठवलेल्या उपग्रहांकडून लागला. १९६३च्या करारानंतर कुणी चोरून अणुचाचण्या करतंय का, हे पाहायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. त्यांनी २ जुलै १९६७ रोजी एक विचित्र झटका नोंदला. तो पृथ्वीवरून आलेला नव्हता. ही गोष्ट जगासमोर यायला १९७३ साल उजाडलं.

डोळ्यांना सवय लावा

स्फोट स्वतः दिसणार नाहीत, पण ज्या गोष्टींपासून ते होतात, आणि झाल्यावर जे उरतं, ते आपल्या आकाशात आहे. कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं पाहिजे.

डिसेंबर ते मार्च संध्याकाळी मृग नक्षत्र वर असतं. जानेवारीत, सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री नऊ-साडेनऊला बाहेर या, उंचावर तीन ताऱ्यांचा बाण दिसेल. त्याच्या उत्तरेला असलेला तांबूस ठिपका म्हणजे काक्षी, इंग्रजीतला बीटलज्यूज. साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर असलेला हा महाकाय तारा एक दिवस सुपरनोव्हा होणार आहे. २०१९च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला तेव्हा तो दिवस आला की काय असं अनेकांना वाटलं होतं. त्याने बाहेर टाकलेल्या धुळीचा तो परिणाम निघाला. एवढ्या अंतरावरून त्याच्या फुटण्याचा आपल्याला धोका नाही.

तिथून जरा वायव्येला वृषभाची शिंगं. खालच्या शिंगाच्या टोकाच्या ताऱ्याजवळ, चार-सहा इंची दुर्बिणीतून, कापसाच्या पुसट पुंजक्यासारखा खेकडा तेजोमेघ दिसतो. जुलै १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी तिथे फुटलेला तारा पाहिला. तो २३ दिवस दिवसाढवळ्या दिसत होता. तेव्हा आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, पहिला सोमेश्वर गादीवर होता. इथल्या कुणा शेतकऱ्याने पहाटे पूर्वेकडे पाहिलं असेलच, पण त्याने लिहून ठेवलेलं आपल्यापर्यंत आलेलं नाही. तेजोमेघाच्या मधोमध त्या ताऱ्याचा गाभा अजून सेकंदाला तीस वेळा फिरतो आहे.

कृष्णविवर पाहायचं तर पावसाळा सरल्यावर हंस तारकासमूह धरा. त्याच्या मानेत ईटा नावाचा साधा डोळ्यांना दिसणारा तारा आहे, त्याच्याजवळच हंस एक्स-१. कृष्णविवर दिसत नाही, पण त्याच्याभोवती ५.६ दिवसांत एक फेरी मारणारा निळा महातारा नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद आहे, पण लहान दुर्बिणीत येतो. हे कृष्णविवर सूर्याच्या २१ पट वजनाचं. सूर्याच्या एका वजनाला साधारण तीन किलोमीटर त्रिज्या असा हिशेब असतो (फिरकी सोडून दिली तर), म्हणजे त्रिज्या त्रेसष्टच्या आसपास. सिद्धेश्वराच्या देवळापासून सरळ रेषेत पंढरपूर जवळजवळ तेवढंच पडतं. एकवीस सूर्य, आणि परिघ पंढरपुरातून जाणारा. हा आकडा मी कागदावर पहिल्यांदा मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो.

आणि उन्हाळ्यात, गच्चीवर चादर टाकून झोपणाऱ्यांसाठी: मेच्या मध्यावर रात्री पावणेतीनच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून बसा. धनु राशीचे ठळक तारे जोडले की किटली होते. तिच्या तोटीच्या टोकापासून पश्चिमेला, हात लांब करून धरलेल्या तीन बोटांइतकं सरका. तिथे, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. १२ मे २०२२ रोजी त्याची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. यासाठी शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे गेलात तर शहराचा उजेड पाठीमागे राहतो. हिप्परग्याच्या तलावाकडून पाहिलंत तर तोच उजेड बरोबर समोर येतो. नान्नजचा माळ अंधारा आहे, पण तिथे रात्री जाऊ नका, ते माळढोकाचं घर आहे.

नाव वाचायला शिका

स्फोटाचं नाव म्हणजे त्याची तारीख. जीआरबी २२१००९ए: २०२२, दहावा महिना, नववा दिवस, त्या दिवशीचा पहिला. दुसरा सापडला तर त्याला बी. तारीख जागतिक वेळेची असते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत आलेल्या स्फोटावर आदल्या दिवसाची तारीख असते. सुरुवातीला सगळे इथेच चुकतात; माझ्या वहीतल्या पहिल्या पानांवर तशी खाडाखोड आहे.

मूळ पत्रक उघडा

वर्तमानपत्रातल्या बातमीवर थांबू नका. जगभरचे निरीक्षक स्फोट सापडला की नासाच्या जनरल कोऑर्डिनेट्स नेटवर्कवर, म्हणजे जीसीएनवर, छोटं पत्रक टाकतात. ती सगळ्यांना मोफत खुली असतात. इंग्रजी रूक्ष असतं, पण नवख्याने चारच गोष्टी शोधायच्या.

पहिली, सुरुवातीची वेळ. दुसरी, जागा: विषुवांश आणि क्रांती. हे आकाशातले रेखांश-अक्षांश समजा. त्यांच्यासोबत चुकीची मर्यादा दिलेली असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फर्मीची जागा कित्येकदा काही अंशांनी इकडेतिकडे असते, आणि पूर्ण चंद्र फक्त अर्ध्या अंशाचा आहे. स्विफ्ट उपग्रहाची क्ष-किरण दुर्बीण मात्र काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) नेमकी जागा देते. तिसरी, टी ९०: स्फोटाचा नव्वद टक्के मारा किती वेळात झाला. दोन सेकंदांच्या आत असेल तर आखूड, बहुधा टक्कर; जास्त असेल तर लांब, बहुधा कोसळलेला तारा. ‘बहुधा’ मी मुद्दाम लिहितो आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सापडलेला एक स्फोट मिनिटभर चालला आणि तरी त्यात टकरीच्या खुणा निघाल्या.

चौथी गोष्ट ताम्रसृती, म्हणजे वाटेत प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते; त्यावरून अंतर कळतं. पत्रकात ती झेड अक्षराने दाखवतात. ती उशिरा येते, कारण मोठ्या दुर्बिणीने मागे उरलेल्या उजेडाचा वर्णपट घ्यावा लागतो. असा मागचा उजेड पहिल्यांदा सापडला तो २८ फेब्रुवारी १९९७च्या स्फोटाचा. त्याआधी हे स्फोट आपल्याच आकाशगंगेतले की विश्वाच्या टोकाचे, यावर शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद होता. कोजागिरीच्या स्फोटाची ताम्रसृती ०.१५१, म्हणजे प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षं वाटेत होता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. ते किरण निघाले तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे फारसं काही नव्हतं.

आता हिशेब: तो आपल्या डोक्यावर होता का?

स्टेलॅरियम हे मोफत ॲप एका मिनिटात उत्तर देतं, तरीही पहिले पाच-सहा हिशेब हाताने करा. आकाश फिरतं म्हणजे काय, हे त्याशिवाय अंगात भिनत नाही.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं. सोलापूर ७५.९ अंशांवर. फरक ६.६ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी स्थानिक वेळ घड्याळापेक्षा २६ मिनिटं मागे. तेवढी आधी वजा करा.

मग २२ सप्टेंबरपासून किती दिवस झाले ते मोजा आणि दिवसाला चार मिनिटं या दराने मिळवा. आलं ते उत्तर म्हणजे नाक्षत्रवेळ: त्या क्षणी कुठला विषुवांश डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर आहे ते. चोवीसच्या वर गेलं तर चोवीस वजा करा. काही मिनिटांची चूक राहते, आपल्या कामाला चालते.

कोजागिरीचं उदाहरण घ्या. घड्याळ १८:४७, वजा २६ मिनिटं, १८:२१. २२ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर सतरा दिवस, सत्रा चोक अडुसष्ट, म्हणजे एक तास आठ मिनिटं. बेरीज १९ तास २९ मिनिटं. पत्रकात विषुवांश २८८.२६ अंश दिलेला आहे. पंधराने भागला की १९ तास १३ मिनिटं. फरक सोळा मिनिटांचा, म्हणजे चार अंश. बारीक हिशेबाने तो पाच अंश निघतो. क्रांती उत्तर १९.८ अंश आणि सोलापूरचा अक्षांश १७.७, इथला फरक दोन अंश. झालं. स्फोट डोक्यावर.

फरक सहा तासांहून बराच जास्त आला तर ती जागा क्षितिजाखाली समजा. १९ मार्च २००८ चा स्फोट घ्या. साडेसातशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, आणि तरी अर्धा मिनिटभर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका उजळ. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटं झाली होती. ऊन तर होतंच, पण हिशेब केला तर स्वातीच्या तारकासमूहातली ती जागा मावळून दीडएक तास झाला होता. म्हणजे त्या दिवशी सोलापुरात खग्रास ग्रहण असतं तरी तो स्फोट दिसला नसता. प्रत्येक ठिकाणी हो-नाही असं स्पष्ट उत्तर मिळतं, म्हणून मला हा हिशेब आवडतो.

एक वही ठेवा: नाव, आपली वेळ, नाक्षत्रवेळ, वर की खाली, आखूड की लांब. साऱ्या आकाशात सरासरी दिवसाला एक स्फोट नोंदण्याजोगा असतो, त्यामुळे पानं भराभर भरतात. शे-दोनशे नोंदी झाल्या की त्या जागा आकाशाच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडा. ठिपके आकाशगंगेच्या पट्ट्यात जमणार नाहीत, सगळीकडे सारखे विखुरतील. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २७०४ स्फोटांचा असाच नकाशा केला, आणि हे आपल्या आकाशगंगेबाहेरचं प्रकरण आहे याचा पहिला जोरदार पुरावा तोच होता. तुमच्या वहीतही तो उमटतो.

आलेख बघा आणि दोन अनुमानं काढा

पत्रकांसोबत किंवा उपग्रहांच्या पानांवर स्फोटाचा आलेख मिळतो. आडवा वेळ, उभी गॅमा कणांची संख्या. दोन स्फोटांचे आलेख सारखे नसतात: एखादा सरळ उसळी घेऊन हळूहळू ओसरतो, एखाद्याला कंगव्यासारखे दाते.

पहिलं अनुमान आकाराचं. काही आलेखांत हजाराव्या भागाच्या सेकंदात चढउतार दिसतो. तेवढ्यात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, सोलापूर ते पुण्याच्या जरा पुढे. जी वस्तू एवढ्या भराभर लुकलुकते तिचं इंजिन त्याहून फार मोठं असू शकत नाही. झोत आपल्याकडे धावत येत असल्याने खरा हिशेब जास्त गुंतागुंतीचा होतो, तरी इंजिन म्हणजे कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा असावा, याकडे हीच लुकलुक बोट दाखवते.

दुसरं, झोताचं. पाच अंश अर्धकोनाचे दोन झोत सगळ्या आकाशाच्या सुमारे २६० व्या भागावर उजेड पाडतात. म्हणजे आपल्याला एक दिसला तर दोन-अडीचशे आपल्याकडे पाठ फिरवून गेलेले. बॅटरी घेऊन अंधाऱ्या रस्त्यात उभे राहा, कुणीतरी लांबून पाहू दे, लगेच पटेल.

पुढे कुठे जायचं

या विषयातलं जगाच्या दर्जाचं काम आपल्या भाषेच्या मुलखात चालतं, हे मुलांना आवर्जून सांगा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेवरच्या सीझेडटीआय या उपकरणामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. काम सुरू केलं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने पहिला स्फोट पकडला, आणि २०२२ मध्ये पाचशेचा आकडा गाठला. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण स्फोटांमागे उरलेल्या रेडिओ लहरी टिपते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका आणि खोडद लोकांसाठी खुली असतात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, आपली वही बरोबर न्या आणि तिथे भेटणाऱ्या संशोधक मुलामुलींना दाखवा. कोरे प्रश्न घेऊन गेलेल्याला उत्तर मिळतं, वही घेऊन गेलेल्याशी ते बोलत बसतात. पुढे शिकायचं असेल तर भौतिकशास्त्र, गणित आणि पायथन ही संगणकभाषा.

गच्चीवर लोक एक प्रश्न नक्की विचारतील, कारण ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण येणार, मोबाईल बंद ठेवा’ हा निरोप दरवर्षी फिरतो. शांतपणे सांगा की हे किरण तारीख देऊन येत नाहीत, त्यांची वार्ता त्यांच्याबरोबरच येते, आणि मोबाईलचा त्यांच्याशी संबंध नाही. मग वही उघडून कोजागिरीचं पान दाखवा.

येत्या कोजागिरीला सात वाजता गच्चीवर जाल तेव्हा आकाश निरभ्र असेल तर अभिजित आणि श्रवण हे दोन ठळक तारे उंचावर शोधा. दोघांना जोडणारी रेषा मनात ओढा आणि तिच्या मध्यापासून किंचित श्रवणाकडे सरका. शर नावाच्या चिमुकल्या तारकासमूहाचा तो भाग. चंद्रप्रकाशात तिथे काहीही दिसणार नाही. जागा तीच आहे.